सात पाण्यांनी धुतलेली माती

मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, असं पेणात म्हणतात. निम्मं म्हणणारी माणसं मोठ्या मनाची. मी निवळलेल्या मातीच्या गणपतीपुढचा उंदीर एकदा शिंकला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, पण तेही कुणी मानत नाही. रोह्याच्या कंपनीची ही गोष्ट म्हणूनच बरीच वर्षं मी कुणापाशी काढली नाही. ती खरी होती, आणि खरं सांगताना माझी जीभ अडखळते.

माझा धंदा माती निवळायचा. पेणात मूर्ती घडवणारे रग्गड, पण मूर्तीची माती आधी कुणीतरी पाण्यात कालवावी लागते, खडा-कचरा तळाला बसू द्यावा लागतो आणि वरची साय तेवढी काढून वाळवावी लागते. चाळीस वर्षं ते काम मी केलं. मोरूची माती म्हटली की कारागीर चाळणीला हात लावत नसत.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत एक मुलगी माझ्या हौदापाशी येऊन उभी राहिली. निशिगंधा. खांबच्या भातशेतीवाल्या घरातली, रोह्याच्या एका कंपनीत केमिस्ट. नमस्कार केला, बाही वर केली, कोपरापर्यंत हात हौदात घातला आणि बोटावरची माती सरळ दाताखाली धरून पाहिली.

"कचकच नाही," ती म्हणाली.

माती चावून बघणारं माणूस माझ्या वस्तादानंतर मी तेव्हाच पाहिलं. माझा जीव तिथेच जडला.

"काका, याहून बारीक मिळेल?"

"किती बारीक पायजे?"

"डोक्याचा एक केस घ्या. त्याच्या उभ्या पन्नास हजार चिरा करा. त्यातल्या एका चिरेएवढी."

"पोरी, मी माती निवळतो. न्हावी नाय."

ती हसली, पण गेली नाही. कंपनीत म्हणे फ्लोरिनवालं एक प्लास्टिक होतं, त्याची कागदासारखी पातळ फिल्म करायची होती. नीट जमली तर ती फिल्म अंगठ्याने दाबली की वीज देणार. मी मनात म्हटलं, चला, माझ्यावर ताण करणारं कुणीतरी भेटलं.

पेणात जागा नव्हती, म्हणून मी तिला कासूच्या पुढे खाडीकडच्या मिठागराच्या वाडीवर नेलं. तिथे माझी दोन जुनी कुंडं होती आणि ऊन फुकट होतं. वाडीच्या बायका विहिरीवरून हंडे घेऊन येत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता निशिगंधाने मला सगळं समजावलं.

"काका, ह्या प्लास्टिकचा रेणू म्हणजे बायकांची लांब रांग समजा. फ्लोरिन म्हणजे कमरेवरचा हंडा. मोकळ्या रानात कशा चालतात बघा. एकीचा हंडा डाव्या कमरेवर, दुसरीचा उजव्या. प्लास्टिक थंड होऊन त्याचा स्फटिक बनतो, तेव्हा अस्साच बनतो. डावं-उजवं एकमेकांना खोडून टाकतं. दाबा नाहीतर कुटा, वीज शून्य."

"मग?"

"आता तिकडे बघा."

पुढे पंपाच्या खोलीची भिंत आणि खाजणाची दलदल यांच्यामध्ये जेमतेम पाऊलवाट होती. तिथे पोचली की प्रत्येक बाई मुकाट्याने हंडा खाजणाच्या बाजूच्या कमरेवर घ्यायची. भिंतीला घासून हंडा पोचवायची हौस कुणाला? सगळी रांग एका अंगाची झाली.

"तुमची माती म्हणजे ती भिंत. चिमूटभर माती प्लास्टिकमध्ये घातली की रेणूंच्या ह्या माळा तिला लागून बसतात, आणि बसताना एका अंगाच्या होतात. पण अख्खं ढेकूळ टाकलं तर एकच भिंत. तीच माती पापडावरून पापड सुटावा तशी सुटली, तर गावभर भिंती."

हे मला कळलं. पुस्तकातलं असूनही कळलं.

करार झाला. तो कमळाकर साहेबांनी केला. कमळाकर म्हणजे कंपनीचा मॅनेजर. त्याच्या टेबलाच्या खणाला दोन कुलपं होती, आणि त्या दोन चाव्यांच्या डब्याला तिसरं. समोर आलेल्या चहाचा आधी वास घ्यायचा, मग चहा आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, आणि मग प्यायचा. त्याने कागदावर लिहिलं: गुजरातची, पाण्यात फुगणारी माती मोरूने सात पाण्यांनी धुवावी. धुण्याचं शुद्ध गोडं पाणी कंपनी दर मंगळवारी टँकरने धाडील. ते पाणी मातीखेरीज कशालाही वापरल्यास टँकर बंद, करार रद्द.

"साहेब, वापरून वापरून पाणी कशाला वापरणार?" मी म्हटलं.

"ते तुला माहीत असेल," कमळाकर म्हणाला.

तेव्हा मला माहीत नव्हतं. मार्चात कळलं.

मार्चात वाडीची विहीर मचूळ होते. नळ आहे, पण त्यातून वारा येतो. मंगळवारी हरेश टँकर घेऊन आला, नळी कुंडात सोडली, आणि मी मातीला न्हाऊ घालायला बसलो. वर बघतो तर बांधावर बायकांची रांग, कमरेवर रिकामे हंडे. बोलली ती धोंडुबाई. मिठागरात उभा जन्म घालवलेली, वाडीत तिचा शब्द शेवटचा.

"मोऱ्या, माती पानी पिते व्हय?"

"धोंडुबाय, ती प्यायला नाय. आंघोळीला."

"किती आंघोळी?"

"सात."

"आमी पानी आणाला कासूच्या टेसनावर जातू," ती म्हणाली. "आन तुझी माती सात डाव न्हाते. नवरी हाय का काय ती?"

मी हरेशकडे पाहिलं. हरेशने टँकरच्या चाकाकडे पाहिलं. मग मी नळी कुंडातून काढून पहिल्या हंड्यात घातली.

पण माती तर भिजवायला हवी. कुंडाला लागून मिठागराचं पाणी उन्हाने तापून जड झालं होतं, मीठ धरायच्या बेताला आलेलं. माती मी त्यात लोटली आणि आठ दिवस राहू दिली. पुढच्या मंगळवारी निम्मं गोडं पाणी बाजूला ठेवून चार वेळा धुतली, निम्मं वाडीला दिलं, आणि वहीत लिहिलं "सात". माझ्या हातून पडलेल्या थापांत ही सगळ्यात छोटी.

एक गोष्ट मात्र मला खटकली. खाऱ्या पाण्यात माती घेरी आल्यासारखी झटकन तळाला बसायची. पण गोड्या पाण्याने धुता धुता चौथ्या खेपेला बसेचना. बादलीत नुसतं दूध. सकाळ गेली, तीन दिवस गेले, दूध ते दूधच. मी घाबरलो. माती नासली म्हणावी तर वास नाही. शेवटी ते दूधच थाळ्यांत ओतून, वर फडकं बांधून वाळवलं आणि पुडी करून रोह्याला धाडलं. म्हटलं, बोभाटा झाला की बघू.

मेच्या पहिल्या आठवड्यात निशिगंधा स्वतः वाडीवर आली. काखेत गुंडाळलेला कागद. कुंडाच्या काठावर तिने तो पसरला. वर यंत्राने काढलेली निळ्या शाईची वेडीवाकडी रेघ.

"हे बघा काका. इथे ७६४ लिहिलंय ना, तिथे उंचवटा आला की समजायचं माळा बेशिस्त, डाव्या-उजव्या. आणि इथे ८४० ला आला की एका अंगाच्या. तुमच्या फेब्रुवारीच्या मातीने सगळा उंचवटा ७६४ ला. आणि ही नवीन."

नव्या कागदावर ७६४ ला नुसती टेकडी होती. ८४० ला मात्र कर्नाळ्याच्या सुळक्यासारखा सुळका.

"या खेपेला वेगळं काय केलंत?"

"मंत्र म्हटला," मी म्हणालो.

ती हसली. त्या हसण्याचं मला पुढे फार लागलं. तिने खरं विचारलं होतं आणि मी तिला मूर्तीच्या बाजारातलं उत्तर दिलं होतं.

कमळाकरने तोच कागद पाहिला आणि त्याला आनंद झाला नाही. त्याला आनंद कशाचाच व्हायचा नाही. "चार महिने येत नव्हतं, आणि आता एकाएकी इतकं चांगलं? चांगलं येतं म्हणजे कुठून तरी येतं." प्रयोगशाळेच्या कपाटात नमुन्याला परदेशी फिल्म ठेवलेली होती. तिचाच तुकडा यंत्रात घातला असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने परदेशी फिल्म पट्टीने मोजली. कमी भरली नाही. मग त्याला पट्टीचा संशय आला.

"पुन्हा करून दाखवा," त्याने फर्मावलं. "आणि यावेळी माझा माणूस टँकरबरोबर जाईल."

माणूस म्हणजे नाथा, गेटवरचा रखवालदार. मंगळवारी तो टँकरच्या टपावर बसून आला आणि शिट्टी तोंडात धरून माझ्या कुंडापाशी ठाण मांडून बसला. माती नवी, पाणी गोडं, धुणी सात. प्रत्येक धुण्याला नाथा बोट मोडायचा. बांधावर बायका आल्या, नाथाला बघितलं आणि रिकामे हंडे घेऊन मागे फिरल्या. धोंडुबाईने जाता जाता माझ्याकडे असं बघितलं, की जणू नाथाला मीच अक्षता देऊन बोलावलं होतं.

त्या मातीने रोह्याला ७६४ दिलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा ७६४. सुळका गेला तो गेलाच.

मग पत्र निघालं. निशिगंधाने खोटा निकाल दाखवून कंपनीला फसवलं असा संशय आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी मुंबईच्या मुख्य कचेरीतली माणसं येतील, त्यांच्यासमोर खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर नोकरी जाणार, आणि कारण असं लिहिणार की कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नाही.

संशयाचं खारं वारं एकदा सुटलं की कुणाला सोडत नाही. कमळाकरला निशिगंधाचा संशय. नाथाला हरेशचा, कारण हरेश त्याच्याशी बोलेनासा झाला होता. धोंडुबाईला माझा. मला मातीचा, वाटे, ती नाथाच्या शिट्टीला बिचकली असेल. आणि बुधवारी निशिगंधा पेणात आली तेव्हा तिच्याही डोळ्यांत तेच होतं.

"काका, आज हसू नका. त्या खेपेच्या मातीत तुम्ही काय घातलं होतंत?"

"काय नाय घातलं."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. मातीत काही घातलं नव्हतं. मातीच दुसऱ्या कशात तरी घातली होती.

तिने माझ्याकडे कमळाकरसारखं बघितलं, चहाचा वास घेताना तो बघतो तसं. मग उठली आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन्ही खेपांत माणूस तोच, माती तीच, ऊन तेच. फरक एकच. खारं पाणी.

पण हे तोंडातून काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मोरू, मग गोडं पाणी गेलं कुठे?

मी धोंडुबाईकडे गेलो. ती अंगणात सुकट निवडत होती. मी सगळं सांगितलं. एरवी माझी गोष्ट मोठी होत जाते. ही सांगता सांगता लहान झाली.

"सांगशील त टँकर जाईल," ती म्हणाली.

"व्हय."

"आन नाय सांगशील त ती पोर जाईल."

"व्हय."

तिने सुकटीतला एक खेकडा उचलून लांब फेकला. "पाऊस म्हैन्याभरात येल. त्या पोरीचं नाव परत येल का?"

मी उठून पायात चपला घातल्या.

"पन एक सांगते. तू येकला जाशील आन खरं सांगशील, त तो साहेब हसून हाकलंल. तुझं खरं कोन मानतंय रं? मी येते. आन नुसती नाय येत."

शुक्रवारी सकाळच्या गाडीला धोंडुबाई कासूला चढली ती मिठागराच्या पाण्याचा हंडा घेऊन. हंडा खिडकीपाशी, आम्ही दोघं उभी. तिकीट तपासनीस आला. तोंडाला फडकं बांधलेला हंडा बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

"आजी, हंड्यात काय?"

"पानी."

"कसलं पाणी?"

"मिठागराचं."

"मिठागराचं पाणी रोह्याला नेतात? मला शिकवता?" त्याने फडकं सोडलं, वास घेतला, बोट बुडवलं, आणि चांगलं भरघोस चाटलं. नागोठणं येईपर्यंत तो थुंकत होता.

"बगलास?" धोंडुबाई मला म्हणाली. "इश्वास नसला का चाखाला लागतंय."

कमळाकरच्या केबिनमध्ये मी उभ्यानेच सगळं ओकलो. मार्च, हंडे, खारं पाणी, चार धुणी, वहीतले सात. निशिगंधा भिंतीपाशी उभी होती. कमळाकरने शांतपणे ऐकून घेतलं.

"मोरू, तू म्हणतोस म्हणजे तसं झालेलंच नाही. या बाईने किती दिले तुला हे बोलायला?"

"हिनं काय दिलं नाय. हिला ठाऊकच नव्हतं."

"मग ही म्हातारी कोण?"

"मी साक्षीदार," धोंडुबाई म्हणाली आणि हंडा त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवला. "त्यानं दिलेलं पानी मी प्यालय. घ्या, काय करताव ते करा."

निशिगंधा मात्र पुढे आली. तिचा चेहरा बदलला होता.

"काका, खाऱ्या पाण्यात किती दिवस होती माती?"

"आठ."

"आणि धुताना शेवटी? बसली का तळाला?"

"नाय बसली. दूध झालं होतं. तीन दिवस दूध."

ती चक्क खुर्चीवर बसली, साहेबासमोर, न विचारता. "साहेब, गुजरातच्या या मातीच्या पापडांमध्ये कॅल्शियम असतं. ते दोन पापडांना खळ लावल्यासारखं धरून ठेवतं. सात काय, सत्तर पाण्यांनी धुतली तरी सुटायचे नाहीत. खाऱ्या पाण्यात सोडियम रेटारेटी करून आत शिरतं आणि कॅल्शियमला बाहेर काढतं. मग मीठ धुऊन टाकलं की पापड आपोआप सुटे होतात. इतके हलके की तळाला बसतच नाहीत. मला जानेवारीपासून हेच हवं होतं. पुस्तकात होतं, आणि मी नियमात गोडं पाणी लिहायला सांगून बसले."

"शाबीत करा," कमळाकर म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या कुलपात."

त्याला जे येतं तेच त्याने मागितलं, पण तेच उपयोगी पडलं. आठ दिवस हातात नव्हते, म्हणून निशिगंधाने धोंडुबाईच्या हंड्यातल्या पाण्यात माती गरम करून दिवसभर ढवळली आणि मग स्वच्छ पाण्याने धुतली. काचेच्या दोन उंच नळ्या घेतल्या. एकीत नाथाच्या पहाऱ्यातली माती, दुसरीत ही. दोन्हींवर कमळाकरने लाखेची मोहर मारली, कपाटात ठेवल्या, स्वतःचं कुलूप लावलं. पहिली नळी तासाभरात नितळ झाली, माती तळाला. दुसरी सोमवारीही दूध, मंगळवारीही दूध. दर तासाला तो येऊन कपाटाच्या फटीतून बघायचा, की दूध बदललं कुणी? मग कुलूप हलवून जायचा.

बुधवारी दोन फिल्म झाल्या. विरघळलेलं प्लास्टिक काचेवर कमळाकरनेच ओतलं, स्वतःच्या हाताचा तरी स्वतःला भरवसा यावा म्हणून.

गुरुवारी मुंबईची दोन माणसं टेबलाशी बसली. मी आणि धोंडुबाई दाराशी. निशिगंधाने पहिली फिल्म यंत्रात लावली. शाईचं पेन कागदावर सरकत गेलं. आधी ८४० येतं, मग ७६४. पेन ८४० वरून सपाट गेलं आणि ७६४ ला उभं राहिलं. जुनंच.

दुसरी फिल्म. निशिगंधाचा हात कागदापासून वीतभर लांब होता. बोटं घट्ट मिटलेली. पेन नऊशेच्या खाली उतरलं, जरा थरथरलं आणि ८४० ला चढलं. चढतच गेलं. मग खाली आलं, आणि ७६४ ला नुसता खांदा उडवून पुढे गेलं.

मुंबईच्या माणसाने पत्र उचललं, दुमडलं आणि खिशात घातलं. "बाई, हे आता आपल्यातच राहू द्या," तो म्हणाला. "आणि कामाला लागा."

निशिगंधाने मान हलवली. मिटलेली बोटं उघडायला तिला जरा वेळ लागला.

ती माणसं जेवायला गेली, आणि कमळाकरने वही उघडली. तो हरला होता, पण वही त्याच्याकडेच होती.

"आता पाण्याचं. खारं पाणी मिठागरात फुकट आहे. गोडं पाणी करार मोडून वाडीला वाटलं. टँकर बंद करायला हरकत नाही."

"साहेब, खारवलेली माती धुवायला गोडं पाणी लागतंच," निशिगंधा म्हणाली.

"किती वेळा? मोरू?"

मी धोंडुबाईकडे पाहिलं. "एकवीस," मी म्हणालो. जीभ अजिबात अडखळली नाही.

"खोटं," कमळाकर म्हणाला आणि निशिगंधाकडे वळला. "तुम्ही सांगा."

मला ठाऊक होतं की चार पुरतात, तिलाही ठाऊक होतं. ती खोटं बोलणारी नव्हे. माझं काळीज खाली बसलं, खाऱ्या पाण्यातल्या मातीसारखं.

"चार," ती म्हणाली. "पण मोजून उपयोग नाही, साहेब. मीठ पुरतं जायला हवं, आणि टँकरचं पाणी जड असलं तर त्यातलं कॅल्शियम परत मातीत शिरेल. म्हणजे पाणी आधीही तपासायला हवं आणि नंतरही. दर खेपेला."

"वाडीवर कोण तपासणार? मी रसायनांच्या बाटल्या तिकडे पाठवणार नाही. चोरीला जातील."

मग दाराशी उभी असलेली धोंडुबाई म्हणाली, "आमी चाखू."

"काय?"

"साहेब, आमच्या बापजाद्यांनी मिठात जलम काढला. पान्यात चिमटीभर मीठ आसंल त आमची जीब सांगते. आधी चाखू, मंग धुवू, मंग परत चाखू."

"एकटीवर मी विश्वास ठेवणार नाही," कमळाकर म्हणाला.

"नगा ठेऊ. वाडीत चाळीस घरं हायत. सगळी चाखतील. हरेक घरातून येक हंडा नेऊन चाखतील, आन सांगतील."

कमळाकरने निशिगंधाकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. "माणसं जितकी जास्त, तितकी चूक कमी," ती म्हणाली, आणि तेही काही खोटं नव्हतं.

त्याने पेन काढलं. कलम लिहिलं: टँकरचे पाणी धुण्यापूर्वी वाडीतील चाळीसही घरांनी चाखून खात्री करणे; कोणतेही घर वगळू नये. 'वगळू नये' खाली दोनदा रेघ मारली. मग त्याने आम्हा तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं, कागद नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला आणि सही केली.

पुढच्या मंगळवारी नाथा शिट्टी घेऊन आला तो चाळीस घरं मोजायला. एक घर कमी भरलं. त्याने जाऊन दार ठोठावलं, आणि आतल्या बाईला हंडा घेऊन यायला लावलं.